सांतारेलची निवडणूक आणि बकुळाबाईंचं कुंकू

“चूक आपल्या छापखान्यातून बाहेर पडायची असेल, तर तिला माझ्या डोळ्यांसमोरून जावं लागेल! आणि तेवढी छाती असलेली चूक अजून जन्माला यायची आहे!”

हे वाक्य चिंतामणी दिवसातून एकदा तरी म्हणायचा. गिरगावातल्या अण्णांच्या छापखान्यात तो अठरा वर्षं फोरमन होता. छापखाना लग्नपत्रिकांचा. नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव गळलं की काय महाभारत होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना चिंतामणीच्या डोळ्यांची किंमत कळेल.

पण त्या सत्तावन्न सालच्या जानेवारीत त्याची झोप उडाली होती ती एका किल्लीपायी. अण्णांना मोतीबिंदू झाला होता. “रथसप्तमी झाली की छापखान्याची किल्ली कुणाच्या तरी हाती देऊन मी मोकळा होणार,” असं त्यांनी जाहीर केलं होतं. ‘कुणाच्या तरी’ म्हणजे एकतर चिंतामणीच्या, नाहीतर अण्णांचा भाचा मनमोहन याच्या. हा मनमोहन छापखान्यात यायचा तो पंख्याखाली बसून पेपर वाचायला! त्याच्या हाती किल्ली गेली, तर आपण अठरा वर्षं काय केलं, असं चिंतामणीला वाटे.

अशात एका सकाळी खोताच्या वाडीतले मिस्टर मस्कारेन्हस धापा टाकत आले. हे गृहस्थ सांतारेल नावाच्या एका चिमुकल्या बेट-देशाचे मुंबईतले मानद वकील होते. वकिलात म्हणजे त्यांच्याच घराचा व्हरांडा. झेंडा लागला की कपडे वाळत घालायला जागा उरत नसे.

“चिंतामणी, मेलो मॅन!” मस्कारेन्हस म्हणाले. “आमच्या पंतप्रधानाने पार्लमेंट बरखास्त केली! त्याचं भाषण चालू होतं आणि विरोधी पक्षनेता घोरला. एवढ्यावरून! आता तीन आठवड्यांत निवडणूक!”

“मग आम्ही काय करू?”

“मतपत्रिका छापा! बेटावर छापखाना एकच, तो त्या घोरणाऱ्याच्या मालकीचा. इथे मुंबईत जिकडे जावं तिकडे समितीची पत्रकं, नाहीतर काँग्रेसची. एक यंत्र रिकामं नाही!”

हे खरं होतं. संयुक्त महाराष्ट्राचं वारं असं सुटलं होतं की मनमोहनसुद्धा पेपर टाकून शिवाजी पार्कच्या सभेला सतरंज्या घालायला गेला होता. मात्र लग्नपत्रिकांच्या छापखान्याला पौष महिना म्हणजे सक्तीची रजा. पौषात कोण लग्न करतो? अण्णांचं यंत्र तेवढं रिकामं होतं.

“चार हजार मतपत्रिका,” मस्कारेन्हस म्हणाले. “कागद सरकारी, खास खुणेचा, मोजून आलाय. एकही जास्त नाही. आणि ध्यानात ठेव, मतदाराच्या आधी मतपत्रिकेवर कुणाची शाईसुद्धा लागली तर ती बाद!”

“साहेब,” चिंतामणी छाती फुगवून म्हणाला, “चूक आपल्या छापखान्यातून...” वगैरे वगैरे. अण्णांनी ऐकलं आणि मान डोलावली. “चिंतामणी, एवढं काम नीट पार पाड. मग बघू.”

बघू! म्हणजे किल्ली कमरेला लागल्यातच जमा!

पोस्टकार्डाएवढी मतपत्रिका. डावीकडे तीन चित्रं, एकाखाली एक: वर सरकारी पक्षाचं कासव, मग होडी, मग त्या घोरणाऱ्या विरोधकाचा नारळ. प्रत्येकासमोर उजव्या कडेला रिकामा चौकोन, मतदाराने त्यात खूण करायची. चिंतामणीने प्रूफ सात वेळा तपासलं. कासवाचे पाय मोजले. सगळी छपाई डोळ्यांत तेल घालून करून घेतली आणि शेवटच्या दिवशी सकाळी चारही हजार प्रती स्वतःच्या हाताने उचलून बकुळाबाईंच्या टेबलावर ठेवल्या. “बकुळाबाई, हे नेहमीसारखं करून गठ्ठे बांधा,” असं सांगून तो निर्धास्तपणे चहाला गेला, मग दाढीला, मग जेवायला.

बकुळाबाई लालबागच्या. त्यांचे यजमान गिरणीत, आणि त्या स्वतः छापखान्यात पत्रिका मोजून, सारख्या करून गठ्ठे बांधायच्या. आणि आमच्या अण्णांच्या छापखान्याची एक खासियत होती. लग्नघरच्या मंडळींना त्रास नको, म्हणून इथली प्रत्येक लग्नपत्रिका वरच्या उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावूनच बाहेर पडायची. ते बोट बकुळाबाईंचं! बारा वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद कोरा गेला नव्हता.

दुपारी पाऊण वाजता चिंतामणी सुपारी कातरत परत आला. वरच्या गठ्ठ्याकडे त्याने सहज पाहिलं. सुपारी एकीकडे पडली, अडकित्ता दुसरीकडे!

वरचा उजवा कोपरा म्हणजे कासवासमोरचा चौकोन. त्या चौकोनात, बरोबर मधोमध, टपोरं लालभडक कुंकू! त्याखालच्या मतपत्रिकेवर तेच. त्याखाली तेच. चारही हजार! सांतारेलमध्ये अजून मतदार झोपेतून उठला नव्हता, आणि इकडे गिरगावात निवडणूक होऊन कासव बिनविरोध निवडून आलं होतं!

“बकुळाबाई! हे काय केलंत?”

“काय झाला?” बकुळाबाईंनी बोटं पदराला पुसली. “नेहमीसारखा करा म्हणान तुमीच सांगितलात मा? आणि पयल्यांदाच आपले कागद परदेशात चल्ले, म्हणान जरा ठळकच लावलंय!”

चिंतामणी मटकन बसला. ओरडावं तरी कुणावर? सांगितलं होतं त्यानेच. चार वाजता मस्कारेन्हस मोटार घेऊन येणार, सहाला बोट सुटणार. कागद शिल्लक नाही. आणि अण्णांना कळलं, की किल्ली मनमोहनच्या कमरेला!

आधी इराण्याकडून पाव आणून त्याच्या गराने कुंकू खोडून पाहिलं. कुंकू गेलं नाही, पसरलं. कासव लाजल्यासारखं गुलाबी झालं. मग ओल्या फडक्याने पाहिलं, तर कागदाला भोक! दोन मतपत्रिका वाया गेल्या आणि घड्याळात दीड वाजला. चिंतामणीच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते. आणि नेमके तेव्हाच दारात चपला वाजल्या.

“अण्णा! तुम्ही आत्ता?”

“काय करणार? वर कमळाने हळदीकुंकू मांडलंय. पंधरा बायका! मला घरात उभं राहायला जागा नाही.” अण्णा भिंत चाचपत पुढच्या खोलीत गादीवर बसले. “कसं चाललंय काम? चार वाजेपर्यंत मी इथेच आहे.”

“छान! उत्तम!” चिंतामणीचा आवाज चिरकला. पण त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हळदीकुंकू! पंधरा बायका!

एका चौकोनात कुंकू म्हणजे मत. पण तिन्ही चौकोनांत कुंकू असेल तर? तर ती पद्धत! कासव, होडी, नारळ, सगळ्यांना न्याय सारखा!

तो मागच्या जिन्याने दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावला.

“वहिनी, पाया पडतो! सगळ्यांना घेऊन खाली चला!”

“अहो भावोजी, तिळगूळ तरी वाटू द्या!” कमळाबाई म्हणाल्या.

“तिळगूळ खाली वाटा! एका देशाची अब्रू जायची वेळ आलीय!” खरं तर अब्रू त्याची जाणार होती, पण बायका देशासाठी उठल्या.

पुढचे दोन तास चिंतामणी आयुष्यात विसरला नाही. नऊवारी साड्या नेसलेल्या पंधरा बायका आणि सोळाव्या बकुळाबाई पॅकिंगच्या टेबलाभोवती बसल्या. बोट करंड्यात, बोट होडीवर, बोट नारळावर! बोट करंड्यात, बोट होडीवर, बोट नारळावर!

“अगं, चित्रावर नको, चौकोनात!”

“कासवाचं आधीच झालंय वाटतं? आगाऊ दिसतंय!”

“कुंकू संपलं! कुणीतरी वरून माझा मोठा करंडा आणा!”

“हळू बोला!” चिंतामणी दोन्ही हात जोडून कुजबुजला. “अण्णा बाहेर आहेत!”

“चिंतामणी,” अण्णांचा आवाज आला, “आत बांगड्या कसल्या वाजताहेत?”

सगळे गार! कुणाचं बोट हवेत, कुणाचं करंड्यात.

“मी आहे!” कमळाबाई ठसक्यात म्हणाल्या. “वर जागा पुरेना, हळदीकुंकू खाली आणलं. तुम्ही आत डोकावू नका!”

अण्णा निमूट बसले. पन्नास वर्षांच्या संसारात कुठे डोकावू नये, हे त्यांना नीट कळलं होतं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना शेवटचं बोट टेकलं. कागद पंख्याखाली धरून वाळवले, गठ्ठे बांधले, बायका वर गेल्या. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. मस्कारेन्हस आत आले, त्यांनी गठ्ठ्यातून एक मतपत्रिका ओढली आणि त्यांचे डोळे पांढरे झाले.

“हे लाल काय आहे, मॅन?”

“सुरक्षेची खूण, साहेब. खोटी मतपत्रिका कुणी छापली तर लगेच ओळखू यावी म्हणून. तिन्ही चौकोनांत आहे, म्हणजे कुणाचाच पक्षपात नाही. दोन तपासणीत खर्ची पडल्या.”

मस्कारेन्हसनी मतपत्रिका उलटसुलट करून पाहिली. मग ते म्हणाले, “मी हे मागितलं नव्हतं. पण बोट थांबणार नाही. बेटावर तार करून खुलासा कळवतो. मात्र ही कुणाची कल्पना, ते या कागदावर लिहून सही पाहिजे. गडबड झाली, तर जबाबदार तो माणूस!”

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. चिंतामणीने पेन हातात घेतलं. निब कागदाला टेकलंसुद्धा. गडबड होणार, हे त्याला दिसतच होतं! मग पेन आपोआप वळलं.

“कल्पना बकुळाबाईंची,” तो म्हणाला. “सुरुवात त्यांनीच केली. बाई, इथे सही करा.”

म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण किल्लीची ओढ लाजेपेक्षा मोठी होती. बकुळाबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि एकेक अक्षर सावकाश काढत सही केली.

नंतरचे दिवस चिंतामणीने पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून काढले. रथसप्तमी झाली. “सांतारेलचं कळू दे, मग किल्लीचं बघू,” अण्णा म्हणाले. दारात खाकी कपडे दिसले की चिंतामणी यंत्रामागे सरके.

अखेर एका दुपारी मस्कारेन्हस स्वतःच आले आणि आल्या आल्या त्यांनी चिंतामणीला मिठीच मारली!

“वाचवलंत! त्या घोरणाऱ्याने आपल्या छापखान्यात सहाशे खोट्या मतपत्रिका छापल्या होत्या, कागदाच्या खुणेचीसुद्धा हुबेहूब नक्कल करून. सगळ्या पकडल्या! एकीवरही लाल ठिपके नाहीत! मतदारांनी ठिपक्यांवर फुल्या मारल्या, एकही मत बाद नाही. निकालही लागला. कासवही पडलं, नारळही पडला, होडीवाले आले!”

“अरे वा!” चिंतामणी ताठ झाला. “म्हणजे आमची ती सुरक्षेची खूण...”

“थांब, पत्र वाचतो.” मस्कारेन्हसनी कागद उलगडला. “‘ही अद्भुत युक्ती शोधणाऱ्या बकुळाबाईंना बेटाचं सरकार प्रणाम करतं. यापुढची सर्व कामं त्यांच्याच देखरेखीखाली व्हावीत.’”

“अहो, पण तसं बघायला गेलं तर...” चिंतामणी म्हणाला.

“तसं बघायचं नाही,” अण्णा शांतपणे म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ली सोडली. “मला दिसत कमी, पण ऐकू चांगलं येतं. जबाबदार माणूस कोण, ते तूच सगळ्यांसमोर सांगितलंस. बकुळाबाई, पदर पुढे करा.”

तेव्हापासून चिंतामणी रोज सकाळी छापखान्याच्या पायरीवर बसलेला दिसे. कुणी विचारलं तर “हवा खातोय” म्हणायचा. लालबागहून ट्राम आली की बकुळाबाई उतरणार, किल्ली काढणार, मग कुलूप उघडणार.

आणि दोन महिन्यांतच होडीवाल्यांचं आपसात भांडण झालं, सांतारेलची पार्लमेंट पुन्हा बरखास्त! लग्नसराई ऐन भरात, यंत्राला श्वास घ्यायला फुरसत नाही. तरी चार हजार मतपत्रिका छापून निघाल्या. बकुळाबाईंनी त्या उचलून चिंतामणीच्या टेबलावर ठेवल्या आणि शेजारी कुंकवाचा करंडा.

“चिंतामणराव,” त्या म्हणाल्या, “ह्या नेहमीसारखा करून गठ्ठे बांधा.”

प्रत्येकी तीन. चिंतामणीने मनातल्या मनात गुणाकार केला, बाह्या सारल्या आणि बोट करंड्यात बुडवलं.