पाटी पास करणारे गजभिये

मार्चमधला शेवटचा शनिवार. रक्कम शहाऐंशी हजार चारशे, सुरक्षेच्या चोवीस नव्या पाट्यांची. हजर: प्लांट मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर गजभिये, अकाउंट्सतर्फे मी, आणि चार दिवसांपूर्वी कामाला लागलेला सुखदेव. हा कशाला, असं मॅनेजरांनी विचारलं.

"पाटी पास करायला," गजभिये म्हणाले.

हडपसरच्या आमच्या कारखान्यात एकोणीस वर्षं हीच पद्धत आहे. गजभिये पाटी स्वतः कधी पास करत नाहीत. सगळ्यात नवा कामगार तिच्यापुढे उभा करतात आणि म्हणतात, "वाचू नको, करून दाखव." त्याने बरोबर केलं तर बिलावर सही, नाहीतर पाटी पेंटरकडे परत. हेल्मेट घातलेल्या माणसाच्या एका चित्रापुढे नव्या कामगाराने चप्पल काढून हात जोडले होते. ते चित्र त्याच दिवशी उतरलं. रोज सकाळी गजभिये स्वतःच्या रुमालाने पाट्या पुसत फिरतात. एकदा कुणीतरी बाहेर पडायच्या दाराच्या पाटीवर मालकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. गजभियेंनी तो काढला आणि शांतपणे सांगितलं, की साहेब मोठे आहेत, पण आग लागल्यावर त्यांच्या फोटोतून बाहेर पडता येत नाही.

त्या शनिवारी सुखदेवला पत्रा दाबणाऱ्या प्रेसपुढच्या पाटीसमोर उभं केलं. मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालू नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. पण सगळं इंग्रजीत, चित्र नाही. त्याने बराच वेळ पाहिलं आणि कंपनीचं नाव असेल म्हणून सांगितलं.

"अहो गजभिये, पुढच्या महिन्यात सेफ्टी ऑडिट आहे. ऑडिटवाल्यांना इंग्रजी येतं."

"ऑडिटवाल्यांचा हात प्रेसमध्ये नसतो, साहेब."

सही झाली नाही. मॅनेजरांनी मला तसंच बिल काढायला सांगितलं. मी आधी प्रेस शॉपमध्ये चौकशी केली. एकसष्ट माणसं, इंग्रजी वाचता येणारी चार. त्यातला एक सुपरवायझर, आणि तो पाट्या वाचत नाही. शहाऐंशी हजार खर्च करताना हे मोजावंसं कुणालाच वाटलं नव्हतं. सहीशिवाय पैसे निघत नाहीत, असं मी लेखी कळवलं. नऊ दिवस मॅनेजर माझ्याशी बोलले नाहीत. ते नऊ दिवस बरे गेले.

अखेर पुरवठादाराने त्याच पैशांत मराठी-हिंदी, चित्रांच्या पाट्या करून दिल्या. सुखदेवने पाटी पाहिली आणि आधी मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं. सही झाली.

आठवड्याने गजभिये माझ्या टेबलाशी आले. पाटीपुढे उभा राहिला म्हणून सुपरवायझरने सुखदेवचा अर्ध्या तासाचा पगार कापला होता. पाट्यांसाठी ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, ते आता सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलत होते. साडेबत्तीस रुपयांसाठी एवढं कशाला, असं मी म्हणून गेलो.

ते खुर्चीत बसले.

"मी चंद्रपूरहून इथे आलो तेव्हा पहिले अकरा दिवस शॉपमध्ये माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. पाटी मलाही तपासता येते हो. पण त्या निमित्ताने नव्या माणसाला कुणीतरी नाव विचारतं. त्याचेही पैसे कापले, तर उद्या माझ्या हाकेला कोण येईल?"

मी व्हाउचर केलं. सुखदेव, प्रेस शॉप. पाटी तपासणी, अर्धा तास. रुपये साडेबत्तीस, रोख दिले.