पाहणीला आलेला पाहुणा

गरीब कसं दिसायचं, हे मला कोणी शिकवायला नको. जन्मापासूनचा सराव आहे. म्हणून एकोणीसशे सत्तावन्न सालच्या जुलैत जेव्हा गरीब दिसण्यावरच सगळं येऊन ठेपलं, तेव्हा मी मायला छातीठोक सांगितलं, "तू काहीच करू नको. सारं माह्यावर सोड."

मायनं आजवर माझ्यावर काहीही सोडलेलं नाही. तरी मी सांगितलं.

त्याचं असं झालं. त्या वर्षी फ्लूची साथ आली. मद्रासला बोटीतून उतरलेला हा ताप आगगाडीनं नागपूरला आला आणि सक्करदऱ्याच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत जावयासारखा मुक्काम ठोकून बसला. माझे बाबा, नत्थूजी, अंथरुणाला खिळले. ते उठले तेव्हा त्यांना सूत देणारा गांधीबागेतला व्यापारी अंथरुणात होता, आणि तो उठला तेव्हा त्याचे मुनीम. घरातला माग बंद पडला. मी इंटरला होतो. महिनाअखेर फी भरली नाही तर नाव कटणार होतं, आणि नाव कटलं की खापरखेड्याच्या बिजलीघरात कोळसा ओढायचं काम मामानं माझ्यासाठी बोलून ठेवलेलंच होतं. मामा हल्ली घरी आला की आधी माझे दंड चाचपायचा आणि मग चहा मागायचा.

अशात कॉलेजनं नोटीस लावली. साथीमुळं ज्यांच्या घरची कमाई थांबली, त्या विद्यार्थ्यांना तातडीची मदत! वर्षाची फी माफ, वर पुस्तकांना पैसे. अट एकच, एक प्राध्यापक घरी येऊन परिस्थिती पाहणार. माझ्या वाट्याला आले देवपुजारी सर. तर्कशास्त्र शिकवायचे. डोळ्यांना दिसेल त्यावरून निष्कर्ष काढायचा, हा त्यांचा धंदाच.

पाहणीच्या दिवशी सकाळीच मी कामाला लागलो. घरात मिरवण्यासारखी वस्तू म्हणजे पाणी भरायची मोठी पितळी गुंड. ती मागच्या अंगणात नेऊन पोत्याखाली दडवली. बाबांना पलंगावर आडवं केलं आणि सर आले की कसं कण्हायचं ते त्यांच्याकडून घोकून घेतलं. बाबा सुरेख कण्हले. मग मायला म्हटलं, "सरले फक्त पाणी देजो. गुळाचा खडाबी नको."

"घरी आलेल्या माणसाले नुसतं पाणी?"

"तो काही पाहुणा नाही वं माय. पाहणीले येऊन राहिला तो."

"मास्तर हाय तुहा. पह्यल्यांदा आपल्या घरी येऊन राहिला," माय म्हणाली आणि चुलीकडे वळली. मला वाटलं, पटलं तिला.

सरांना आणायला मी कॉलेजात गेलो. एवढी उमस, आणि सर काळ्या लोकरी कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून. वाटेत त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"सर, कोट काढता का? मी धरतो."

"असू दे, असू दे. कॉलेजचं काम आहे. नीट दिसायला हवं," ते म्हणाले आणि बाहीवर बसलेली माशी त्यांनी फार जपून उडवली.

आमच्या दारात पाय ठेवला आणि 'सर, घर चुकलं' असं अगदी माझ्या ओठांवर आलं. भिंतीवर लंबकाचं घड्याळ टिकटिकत होतं. ते शेजारच्या शालिकरामकाकांचं. काका मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आणि गल्लीत घड्याळ असलेले तेवढे एकटे. घड्याळाखाली वेताची खुर्ची, तीही काकांची. पलंगावर गुलाबांची चादर आणि तिपाईवर सोनेरी काठाचे कप, हे समोरच्या मैनाबाईंचं. गुंड जागेवर परत आली होती आणि चिंचेनं घासल्यामुळं नुसती लखलखत होती. आणि ज्यांनी कण्हायचं ते माझे बाबा शालिकरामकाकांचा जरीचा फेटा बांधून नवरदेवासारखे उभे होते.

"या, बसा जी," माय म्हणाली.

मी तिला चुलीपाशी गाठलं. "का करून ठेवलं हे?"

"चार वस्तू मांगून आणल्या, अजून का? तुह्यी लाज राखली."

"माह्यी लाज नाही वं, फी राखाची होती!"

बाहेर सरांचा शिरा चालू होता. त्याआधी चिवडा झाला होता. मग त्यांनी खिशातून कागद काढला. "तर नत्थूजी, घरची परिस्थिती कशी आहे? काही अडचण वगैरे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी हात जोडले. मग त्यांनी मायकडे पाहिलं. शेवटी त्यांना संसार तिच्याशी करायचा होता, माझ्याशी नाही.

"देवाच्या दयेनं काई कमी नाई जी," बाबा म्हणाले.

सरांनी ते लिहून घेतलं. मला तिथूनच खापरखेड्याचा धूर दिसायला लागला.

"ठीक आहे, निघतो मी," म्हणून सर उठले आणि तसेच खाली बसले. पुन्हा उठले आणि या वेळी सरळ पलंगावर आडवे झाले. मायनं त्यांच्या कपाळाला हात लावला. "माय वं, हा मास्तर तर तव्यासारखा तापला!"

डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, हलवू नका. सरांची बायको वर्ध्याला माहेरी गेलेली. सर पुटपुटले, "मी खोलीवर जातो." माय म्हणाली, "तिथं पाणी कोण देईल तुमाले? पडून राहा गुमान." आणि पाहणीला आलेले सर आमच्याकडे राहिले. पंचाईत एवढीच की मागून आणलेल्या वस्तू संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर होत्या.

आमचे शेजारी देवमाणसं. पण देवालाही रातपाळी असते. दिवे लागले आणि शालिकरामकाका दारात येऊन कुजबुजले, "सखूबाई, घड्याळ न्याचं होतं. किती वाजले तेच समजून नाही राहिलं मले." काकांची कुजबुज सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे ऐकू जाते. माय त्याहून मोठ्यानं म्हणाली, "हो, न्या ना दुरुस्तीले! मांगं पडून राहिलं ते." काका स्टुलावर चढले. सर तापलेल्या डोळ्यांनी पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची वेत बसवायला गेली. बाबांचा फेटा धुवायला गेला.

"गिरिधर," सर क्षीण आवाजात मला म्हणाले, "इथं एक खुर्ची होती ना रे?"

"होती, सर."

"मग ठीक आहे. मला वाटलं, भास झाला," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मग मैनाबाई आल्या. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि घरात कप नव्हते. कप आमच्याकडे, आणि त्यातल्या एकात सरांचा काढा. मैनाबाई पलंगापाशी उभ्या राहिल्या. "सावकाश घ्या जी. मले काई घाई नाई," असं त्या प्रत्येक घोटाला म्हणायच्या. सरांना ठसका लागला. शेवटचा घोट खाली उतरला तसा मैनाबाईंनी त्यांच्या हातातून कप घेतला, पदरानं पुसला आणि जाता जाता म्हणाल्या, "अन् वं सखू, ते चादर..."

चादर गेली. मायनं सरांच्या अंगावर आपली गोधडी घातली, जुन्या लुगड्यांची, तिनं स्वतः शिवलेली. त्या रात्री सरांना पहिल्यांदा गाढ झोप लागली.

ताप उतरला तसे सर उठून बसायला लागले आणि त्यांची नजर फिरायला लागली. भिंतीवर घड्याळाचा खिळा. कोपऱ्यात बंद माग. आपल्यापुढे मऊ भाताची पेज, आणि पलीकडे माय-बाबांच्या ताटात ज्वारीची भाकर आणि ठेचा. तर्कशास्त्राचा माणूस. पण पहिला निष्कर्ष कोटाच्या खिशात जाऊन बसला होता.

आणि त्या कोटासाठीच दारात दत्तोपंत उभे राहिले! आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. सरांची विचारपूस करून झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, तरी माणूस दारातून हलेना. चुळबुळत होते. मग सरांच्या कानाशी वाकले आणि हळू म्हणाले, "तो कोट... म्हणजे तुम्ही बरे व्हा आधी, पण उद्या मला व्याह्यांकडे जायचंय हो."

सर गोधडीत कानापर्यंत लाल झाले, आणि आता तर ताप नव्हता. तेव्हा माय उठली, खुंटीवरचा कोट काढला, नीट घडी घातली, खिशातला कागद सरांना दिला आणि कोट दत्तोपंतांच्या हातात ठेवत मोठ्यानं म्हणाली, "न्या जी, इस्तरीले न्या. भल्ला चुरगळला तो."

सर आधी नुसतेच पाहत राहिले. मग जे हसायला लागले ते थांबेचनात. बाबा हसले, दत्तोपंत हसले. हसता हसता सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सखूबाई," ते म्हणाले, "मदत द्यायला आलेल्या माणसापासून कोणी गरिबी लपवतं का हो?"

"मदतीचं ते गिरिधर पाहीन," माय म्हणाली. "पण आपण गरिबाच्या घरी आलो अन् त्याले खर्चात पाडलं, असं पाहुण्याले काहून वाटावं? घास गोड लागत नाई मंग."

सरांनी जुना कागद फाडला आणि तिथंच नवा लिहिला. 'पाहणीच्या वेळी या घरात दिसलेली एकही वस्तू या कुटुंबाची नाही. तातडीनं मदत मिळावी.' मला इतका आनंद झाला की तो कागद मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. तिथं चुकलो.

"एकबी वस्तू नाई?" माय म्हणाली. "अन् पलंग कोनाचा हाय?"

"राहू दे ना वं."

"काहून राहू देऊ? माह्या बापानं देला तो पलंग. गुंडबी माह्यीच. कॉलेजात सारे का समजतीन, जमिनीवर लोळतो आपन?"

दुसऱ्या दिवशी सर कामावर रुजू झाले आणि त्यांच्या मागोमाग माय थेट प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत. मी तिचा पदर धरून ओढत होतो. साहेबांची लेखणी माझ्या अर्जावर टेकलेली होती. सही व्हायची तेवढी बाकी! माय म्हणाली, "साहेब, थांबा. त्यात खोटं लिवलं हाय. आमच्या घरी पलंग हाय. सागाचा."

साहेबांनी लेखणी उचलली. "म्हणजे फर्निचर आहे?"

"हाय ना जी."

मी मनातल्या मनात मामाबरोबर खापरखेड्याच्या गाडीत बसलो. तेवढ्यात सर पुढं झाले. "पलंग आहे, साहेब. माझंच चुकलं. पण त्या पलंगावर मी होतो. हे तिघं जमिनीवर झोपत होते."

साहेबांनी मायकडे पाहिलं. मायनं मान खाली घातली. हे तिला सांगायचं नव्हतं. सरांनी कागदावर 'पलंग, गुंड, गोधडी व बंद माग वगळून' असं घातलं, आणि साहेबांनी सही केली. माझं नाव राहिलं. परतताना माय सगळ्या वाटेनं बडबडत होती, "आता कसं खरं खरं लिवलं."

पुढच्या आठवड्यात सरांनी निरोप धाडला की बायको आली आहे, तिला घेऊन भेटायला येतो. मी मायला बजावलं, "या खेपेले काही मांगून आणू नको. सरले सारं ठाऊक हाय."

"सरले ठाऊक हाय," माय म्हणाली. "बाईले कुठं ठाऊक हाय?"

मी घड्याळ आणायला गेलो.

संध्याकाळी सर आले. अंगात दत्तोपंतांचा कोट. बाई वेताच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय सुरेख घड्याळ आहे हो!" माय म्हणाली, "तुमचंच समजा जी." सर एकसारखे त्याच घड्याळाकडे पाहून घाम पुसत होते. चिवडा झाला, शिरा आला, आणि दारात सावल्या पडल्या. एकीकडे शालिकरामकाका, दुसरीकडे दत्तोपंत. दोघंही उंबऱ्यावर थांबून एकमेकांना म्हणत होते, "तुम्ही आधी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हळूच फेट्याला हात लावला.

"या, या, बसा जी दोघंबी!" माय म्हणाली, आणि मला कोपरानं ढोसत हळूच म्हणाली, "मांगच्या दारानं जाय. मैनाबाईकडून आनखी दोन कप आणजो."