सखातात्यांचा मुका टांगा

सखाराम तांबट दिवसभर हंडे-घागरी ठोकायचे आणि शेजारचा कोंबडा आरवला की भांडायला उठायचे. जुन्नरच्या तांबट आळीत मी बिऱ्हाड केलं, तेव्हा पहिल्याच सकाळी ते दारात येऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या वहाणा लई करकरत्यात. त्याल लावा." हे सांगताना हातात हातोडा होताच.

"आवाज लई झाला, राव," हे त्यांचं पालुपद. भजनात टाळ चढले की तात्या उठून उभे राहत आणि एवढंच बोलत. एकदा तर त्यांनी देवळातल्या घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळली. गुरव ओरडायला लागला, तर त्यालाही तेच ऐकवलं. आणि तुमच्या हातोड्याचं काय, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "तो आवाज न्हाई. ते काम हाय."

या पालुपदानं एकदा घात केला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या, भागूच्या, लग्नात घोडेगावच्या व्याह्यांनी हौसेनं ताशेवाले आणले होते. तात्यांनी भर मांडवात ताशावर हात ठेवला आणि तेच शब्द उच्चारले. विहीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, भागू माहेरी आली नव्हती. लेकीला न्यायला माहेरचा मुराळी जावा लागतो. पण गेलो तर दारातून हाकलतील, या भीतीनं तात्या ना स्वतः गेले, ना कोणाला धाडलं. आता तरी खोड जिरेल, असं आळी म्हणत होती. ती काही जिरली नाही.

मग एके दिवशी तात्यांनी जुना टांगा घेतला. आधीचा मालक नारायणगावचा एक शौकीन बागाईतदार. टांगा कसला, चालती वाजंत्रीच! घोड्याच्या गळ्यात घुंगुरमाळ, दांड्यांना पितळी घंटा, टपाला घुंगरांची झालर, पायानं दाबायची घंटी आणि वर मुंबईहून आणवलेला रबरी भोंगा.

तात्या सांडशी घेऊन बसले. एकेक घंटा उपटायची, नखानं वाजवून बघायची आणि "हलकं पितळ" म्हणून बाजूला भिरकवायची. भोंगा गंजून बसला होता. जोर लावताना तो दाबला गेला आणि त्यानं अशी बोंब ठोकली की तात्या उताणे पडले. सगळं उतरलं तरी टांगा हलला की कुठंतरी छुन्न वाजे. गादी उसवली, टप सोडला. शेवटी बैठकीखालच्या पेटीत एक सुटं घुंगरू सापडलं. तात्यांनी ते साऱ्या आळीला फिरून दाखवलं.

टांगा मुका झाला, पण आता घोडा हलेना. बिचाऱ्याचा सारा जन्म त्या आवाजावर पावलं टाकण्यात गेलेला. चुचकारून झालं, चाबूक दाखवून झाला. तो आपला कान टवकारून उभा. अखेर टेकीला येऊन तात्या तोंडानंच "छुम छुम, छुम छुम" करू लागले आणि स्वारी निघाली. तेव्हापासून बाजारपेठेतून तात्यांचा टांगा असाच जाई. दुकानदार तराजू सोडून बघत. मीही बघे.

मला घोडेगावच्या शाळेत काम निघालं. "चला की मास्तर, सोडतो," तात्या म्हणाले. वाटेत ते छुमछुम करून दमले, तेव्हा टांगा थांबला आणि मी विचारलं, "तात्या, घंटा राहू दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

तात्यांनी लगाम चाचपला.

"घंटांचा टांगा आला की समदं घर भायेर येतं, मास्तर. मला समदं घर नगं. भागू सांजच्याला अंगण झाडती. तेवढी दिसली की गुमान म्होरं जायाचं."



घोडेगावात व्याह्यांचं घर रस्त्यालाच होतं. ते जवळ आलं तसं तात्यांनी पागोटं डोळ्यांवर ओढलं आणि तोंड मिटलं. तोंड मिटलं आणि घोडा थांबला, बरोबर दारासमोर.

छुमछुम करावी तर घर जागं होणार. तात्या घाईघाईनं उतरले आणि घोड्याला ओढू लागले. अंगणात भागू झाडू घेऊन उभी होती. बापाशी बोलायची चोरी. ती आत गेली, बादली घेऊन आली, घोड्यापुढं ठेवली आणि त्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, "आई बरी हाय का रं?"

"बरी हाय म्हनावं," तात्या घोड्यालाच म्हणाले. "गुडघं तेवढं धरल्यात."

"आन् तुज्या धन्याचा खोकला?"

"हाय आपला. काळजी करू नगं म्हनावं."

"लई वाळलास," भागू म्हणाली. घोडा चांगला गुबगुबीत होता.

"कुनाशी बोलतीस गं?" आतून विहीणबाई गरजल्या.

"घोड्याशी, आत्याबाई."

विहीणबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी टांगा बघितला, तात्या बघितले, मलाही बघितलं. आता आमची वरात निघणार, असं मी धरून चाललो. त्यांनी पदर सावरला, तात्यांकडे पाठ केली आणि सुनेला म्हणाल्या, "त्या घोड्याला इच्यार, औंदा तुला न्यायाला कवा येनार? दोन दिवाळ्या करंज्या बांधून ठिवल्या आमी. मुराळी न्हाई का सांगावा न्हाई. शेजारणी इच्यारत्यात, तुमच्या सुनंला माहेर न्हाई का?"

तात्यांनी घोड्याच्या आयाळीत तोंड खुपसलं. पाठ हलत होती. भागू बादलीची कडी धरून उत्तराची वाट बघत उभी. शेवटी घोड्याच्या वतीनं मीच म्हणालो, "वसुबारसेला येतो."