वच्छलामायचे आजार

वच्छलामाय इंगळे बासष्ट वर्षांची होती, आणि उपकेंद्रातल्या टॅबमधल्या नोंदीप्रमाणे गेल्या होळीच्या सुमारास तिला बाळाला पाजायला दूध पुरत नव्हतं. पुढच्या महिन्यात तिची पाळी चुकली. मग अंगावरून पांढरं जायला लागलं. एका मंगळवारी तर दारू सोडल्यापासून हात थरथरतात म्हणून तिने गोळ्या मागितल्या. उभ्या जन्मात त्या बाईने दारूची बाटली हातात धरली नव्हती. पण पडद्यावरचा डॉक्टर दर वेळी नवा, दर वेळी घाईत. रुग्णाचं वय बघायला त्याला फुरसत कुठली? त्याने गोळ्या लिहून दिल्या.

मी डोणगावची. नोकरी संशोधनाची. ग्रामीण भागातले लोक आणि डॉक्टर ही पडद्यावरची सेवा कशी स्वीकारतात, असा आमच्या अभ्यासाचा भारदस्त विषय. प्रत्यक्षात काम काय, तर घरोघर जाऊन ‘तुम्ही समाधानी आहात का?’ विचारायचं आणि फॉर्मवर खूण करायची. आता आमच्या भागात दारात आलेल्या बाईला कोणी चहाशिवाय जाऊ देत नाही, आणि तिचं मन मोडेल असं बोलतही नाही. ‘हाव, चांगलं हाये बाप्पा,’ म्हणतात आणि साखर जास्त घालतात. त्यामुळे अख्खा तालुका समाधानी निघाला. पुण्याचे आमचे सर खूश.

त्याच सरांना यादीत वच्छलामाय सापडली. सगळ्यात जास्त वेळा सेवा घेतलेली रुग्ण. ‘ही आपली स्टार केस,’ सर म्हणाले. ‘हिची सविस्तर मुलाखत घ्या.’

वरवट बकालच्या पुढचं तिचं गाव. मी गेले त्या मंगळवारी ती समोरूनच येत होती, उजव्या हाताची तीन बोटं घट्ट मिटून. मी नमस्कार केला तर डाव्या हाताने केला परत. ‘हे बोटं सोडले त इसरून जाईन,’ म्हणाली. एकेका बोटात एकेक तक्रार धरून आणायची तिची पद्धत होती. टॅबसमोर बसली की एक बोट उघडायचं, तक्रार सांगायची, मग दुसरं. तिन्ही उघडली की, ‘झालं साहेब. लिहा गोया.’

उपकेंद्र म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. नेटवर्क रडतखडत यायचं, म्हणून सिस्टर आवाज पूर्ण मोठा करून ठेवायची, आणि तिकडून डॉक्टरही ओरडायचा. ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ हे ओसरीवर बसलेल्या वीसेक माणसांना ऐकू जायचं. वच्छलामाय तितक्याच मोठ्याने ओरडायची, ‘आली असन साहेब गेल्या अमावस्येले!’ ओसरी खो-खो हसायची. ‘वच्छलामाय, बारशाले बलावजो वं!’ कोणीतरी म्हातारा दात काढत म्हणायचा. ‘येजो ना, लुगडं घेऊन येजो मले,’ म्हणत ती गोळ्या पदरात बांधून पायऱ्या उतरायची.

मीही हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. आणि फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात झोकात लिहिलं, ‘आजाराची सवय. काल्पनिक तक्रारी. सेवेचा अनावश्यक वापर.’ सरांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते अहवालात घालून वर पाठवलं, आणि वरच्यांनी कधी नव्हे ती तत्परता दाखवली. वच्छलामायच्या नावापुढे टॅबमध्ये लाल अक्षरांत सूचना आली. आता कोणताही डॉक्टर समोर आला की सगळ्यात आधी त्याला माझंच वाक्य दिसणार होतं.

खरी गोष्ट मला कापूस वेचणीच्या दिवसांत कळली. मुलाखतीचा उरलेला भाग घ्यायला मी शेतात गेले, तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वच्छलामाय बसलेली, आणि नवी लग्न झालेली एक पोरगी तिच्या कानाशी लागून रडत सांगत होती. वच्छलामायने एक बोट मिटलं. मग दुसरं. मी मागे उभी आहे हे बघून पोरगी उठून पळाली.

‘माय, हे आजार तुझे नाहीत?’

‘मले काय धाड भरली?’ ती म्हणाली. ‘थ्या ओसरीवर हिचा सासरा बसते, दीर बसते. तो काचेतला डॉक्टर भोंग्यावानी वरडते. पोरीनं तथी काय सांगाव? म्हनून मी जातो. एकीच्या नवऱ्याची दारू सुटली, थेही माह्याच नावावर. मले हासले त हासू दे. माही लाज सरून जमाना झाला.’

मी म्हटलं, अगं पण एकीची औषधं दुसरीच्या नावावर, काही उलटसुलट झालं म्हणजे? ती म्हणाली, ‘मंग तुमी त्या डब्याचा आवाज कमी करा ना बाप्पा. थे काऊन नाई करत?’ मी हातातला फॉर्म चाळून बघितला. इतक्या पानांच्या फॉर्ममध्ये आवाजाबद्दल एकही प्रश्न नव्हता. आणि सिस्टर? तिला सगळं माहीत होतं. पण तिला आठवड्याचे ठरलेले कॉल भरून द्यायचे असत, आणि वच्छलामाय एकटी दोन-तीन भरून द्यायची.

‘कोनाले सांगू नोको,’ वच्छलामायने माझा हात धरला. ‘त्या पोरी मरतीन लाजेनं.’

मी शब्द दिला. संध्याकाळी सरांना फोन करून एवढंच म्हटलं, तो शेरा चुकला, काढून टाका. सर म्हणाले, ‘आता अहवाल गेला. आणि एका शेऱ्याने काय बिघडतं?’

बिघडलं ते असं. दिवाळीनंतरच्या मंगळवारी वच्छलामाय टॅबसमोर बसली, तेव्हा तिने बोटं मिटलेली नव्हती. मी कोपऱ्यात फॉर्म घेऊन निरीक्षणाला बसले होते. ती पहिल्यांदाच हळू बोलली. डाव्या छातीत सुपारीएवढं काही लागते, म्हणाली. दुखत नाही, पण वाढून राह्यलं.

‘मोठ्याने बोला!’ डॉक्टर ओरडला.

तिने मोठ्याने सांगितलं. ओसरी हसली.

डॉक्टरने खाली बघून ती लाल अक्षरं वाचली, मग आधीच्या नोंदी. कंटाळलेला बिचारा तरुण मुलगा, सकाळपासूनचा कितवा तरी कॉल. ‘आजी, मध्ये तुमची दारू सुटली होती. त्याआधी तुम्हाला पांढरं जात होतं. त्याआधी दिवस गेले होते. तुम्हाला काही झालेलं नाही. मन रमवा, भजन करा.’ त्याने ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि कॉल कट झाला.

सिस्टर जमिनीकडे बघत होती. बोलली असती तर आधीच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरल्या असत्या. मीही बसून राहिले. निरीक्षकाने मध्ये बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. तो मला त्या दिवशी फार सोयीचा वाटला.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, ‘माय, शेगावला नाहीतर अकोल्याला चल, हाताने तपासून घेऊ.’ तर ती म्हणाली, ‘काऊन? डॉक्टर म्हने ना काई नाई म्हून.’ तिचा चेहरा खरंच उजळला होता. आमच्या अख्ख्या अभ्यासात या सेवेवर मनापासून विश्वास ठेवणारं एवढं एकच माणूस मला भेटलं. मी पुन्हा आग्रह केला नाही. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

उन्हाळ्यात गाठ फारच वाढली आणि मी तिला अकोल्याला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, ‘इतके दिवस काय करत होता तुम्ही?’ काय सांगणार होते मी? अहवाल लिहीत होतो?

वॉर्डात तिच्याजवळ कोणी नसे. मुलगा सुरतेला, त्याला सुट्टी नाही. ज्यांचे आजार हिने वर्षभर वाहिले त्यातली एकही भेटायला आली नाही. आल्या असत्या तर घरच्यांनी विचारलं असतं, तुझं आणि तिचं काय गं एवढं? मी मात्र दर रविवारी जायची. एका रविवारी मला राहवलं नाही. रडूच फुटलं. म्हटलं, ‘माय, त्या मंगळवारी तू का नाही सांगितलंस त्याला? ते आधीचे आजार माझे नव्हते, हा एकच माझा आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं तुला?’

तिने माझ्याकडे बघितलं, एखाद्या अडाणी पोरीकडे बघावं तसं.

‘मंग कोनाचे होते, हे नसतं इचारलं त्यानं?’ ती म्हणाली. ‘आन् सारी ओसरी आयकून राह्यली होती.’