हेडमास्तरांचा कान

कान कोरू नका, असं डॉक्टरांनी हेडमास्तरांना बजावून बजावून सांगितलं होतं. त्यामुळे सकाळी काडीच्या टोकाचा कापूस कानात राहिला, तेव्हा हेडमास्तरांना कानापेक्षा डॉक्टरांचीच धास्ती वाटली. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांचा दरारा शाबूत होता. आणि डॉक्टरांचा आवाज असा, की आत एकाला झापलं की बाहेरच्या बाकावर सगळे सरळ होऊन बसत. त्या बाकावर बहुतेक हेडमास्तरांचेच जुने विद्यार्थी. त्यांच्यादेखत बोलणी खायची म्हणजे जन्मभराची अब्रू गेली.

"दोन मिनिटांचं काम आहे. समोर तर दवाखाना," बायको म्हणाली.

"मी मोठ्या हॉस्पिटलात जातो. तिथं मला कुणी ओळखत नाही."

मोठ्या हॉस्पिटलाच्या इमर्जन्सीत नर्सनं कानात डोकावून त्यांना कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. मागून येणारे स्ट्रेचरवरून पुढे जात होते आणि तेच रास्त होतं, हे हेडमास्तरांनाही पटत होतं. पण ताटकळत बसायची सवय त्यांना नव्हती; आजवर ताटकळत बसवलं होतं ते इतरांना. शेवटी उठून त्यांनी नर्सच्या कानावर घातलं, की छातीतही जरा धडधडतंय.

झालं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते कॉटवर आडवे झाले. सदरा निघाला, छातीला वायरी लागल्या, हातात सुई गेली. दुखणं कानाचं आहे, हे ते परोपरीनं सांगू पाहत होते, पण तरुण डॉक्टरीणबाई मायेनं म्हणाल्या, "बोलू नका आजोबा, दम लागेल." नेहमीचे डॉक्टर कोण, या प्रश्नावर मात्र त्यांनी आपणहूनच तोंड मिटलं. मग नर्सनं घरी फोन लावला.

कान घेऊन गेलेल्या नवऱ्याच्या हृदयाची चौकशी ऐकून बायकोनं पायांत चपलाही घातल्या नाहीत. ती तशीच समोरच्या दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी हातातला पेशंट सोडला, शटर ओढलं आणि गाडी काढली.

इमर्जन्सीत शिरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हेडमास्तरांचं मनगट धरून त्यांनी आधी नाडी मोजली. मग ईसीजीचा कागद पाहिला. हृदय ठणठणीत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि या माणसाचा आपल्यावर जीव आहे हे कळून हेडमास्तरांना भरून आलं. त्या भरात त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

डॉक्टरांनी चिमट्यानं कापूस काढला, उजेडात धरून पाहिला आणि मग तोंड सोडलं. काडीपासून सुरुवात करून ते खोटं बोलण्यापर्यंत आले. हेडमास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. निदान इथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही, एवढाच काय तो दिलासा होता.

तेवढ्यात नर्सनं दार उघडलं. शटर पडल्यावर दवाखान्यातले पेशंट करणार काय, तेही इथंच आले होते. कुणाचा गुडघा, कुणाचं गळू, कुणाचा खोकला. अख्खा बाक दारात उभा होता. त्यातला खोकलेवाला सातवीत हेडमास्तरांच्या हातचा भरपूर मार खाल्लेला. तो अदबीनं म्हणाला,

"चालू द्या, सर. आम्हाला काही घाई नाही."