मागच्या बाजूचा निरीक्षक

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. चौतीस वर्षं मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, पण माझ्या नजरेतून साधी टाचणी सुटली नाही! मग देवमासा सुटेल? चाळीस फुटांचा ऐवज तो!

हे मी मुलीला फोनवर सांगत होतो. देवमाशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेची जाहिरात तिनंच पाठवली होती. हौशी लोकांनी वर्गणी भरून बोटीवर जायचं, देवमासे शोधायला मदत करायची, वर्गणी संशोधनाला.

"बाबा, जाच तुम्ही. चार माणसांत मिसळाल."

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून समोरासमोर माझं बोलणं होतं ते फक्त पोस्टमनशी, आणि तोही जिना उतरता उतरता ऐकतो. म्हटलं, जाऊ या. देवमासा नाही तर नाही, गप्पा तर होतील!

कसल्या गप्पा! बोटीवर सगळे जोडीजोडीनं आलेले. संशोधक बाई (बाई कसली, माझ्या मुलीच्या वयाची पोर) जागा वाटत सुटल्या. एक दाताचे डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस डाव्या कठड्याला, दुसरं जोडपं उजव्या. उरलो मी.

"काका, तुम्ही मागची बाजू सांभाळा," त्या म्हणाल्या आणि माझ्या गळ्यात एक रेकॉर्डर अडकवला. "दिसेल ते यात बोला. वेळ, दिशा, अंतर. बंद करायचा नाही, आणि फार वेळ गप्पही राहू नका, नाहीतर यंत्र बंद पडलं होतं की काय, ते नंतर कळत नाही. मोसमातली शेवटची फेरी आहे, काका. या पट्ट्यात देवमासे येतात याचा एक तरी पुरावा आज मिळाला नाही, तर माझं काम गुंडाळणार आहेत."

गप्प राहू नका! उभ्या जन्मात मला असं कुणी म्हटलं नव्हतं!

"नऊ वाजून दहा. मागची बाजू. पाणी," मी सुरुवात केली. "नऊ वीस. पाणी."

पाण्यावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? साडेनऊला मी मोरीतल्या गळक्या नळावर आलो. तिथून वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणाऱ्या शेजाऱ्यांवर, तिथून जावयाच्या वाढत्या पोटावर. आणि यंत्र बिचारं ऐकत होतं हो! जांभई नाही, घड्याळाकडे बघणं नाही! अकराच्या सुमाराला गाडी हिच्यावर आली, मी कठड्याला पाठ टेकली आणि माझे डोळे आपोआप मिटले. इस्पितळातली ती शेवटची सकाळ मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. हळवा झालो की माझा आवाज चढतो, तो चढला.

"...आणि मग ती डावीकडे वळली, अन् गेली!"

"गेली?" दाताचे डॉक्टर ओरडले. "अहो, डावीकडे वळली म्हणतायत! मादी आहे!"

मी 'अहो, अहो' करेपर्यंत कप्तानानं बोट गर्रकन वळवली. थर्मास लवंडला, डॉक्टरांची टोपी समुद्रार्पण झाली, त्यांच्या मिसेस कठड्यावर ओणव्या होऊन सकाळचा नाश्ता परत करू लागल्या. संशोधक बाई धडपडत माझ्यापाशी आल्या.

"काका, खरंच? पिल्लू होतं का बरोबर?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं? की बाई गं, ती माझी बायको? त्या पोरीचा चेहरा असा फुलला होता की माझी जीभच उचलेना.

"एकच," मी पुटपुटलो. "मुलगी."

"पिल्लूही मादी! इतक्या लांबून ओळखलंत?"

"अनुभव लागतो त्याला," कप्तान परस्पर म्हणाला.

मग तासभर आम्ही माझ्या बायकोचा पाठलाग केला. डॉक्टरांनी मला आपली खुर्ची दिली, बिस्किटं दिली. उजवीकडचं जोडपं डावीकडे येऊन माझ्या शेजारी उभं राहिलं. जो तो मलाच विचारत होता, "काका, आता कुठे?" मी बोट दाखवीन तिकडे बोट! खोटं कशाला बोलू, तो एक तास माझा फार छान गेला. मग डिझेल संपत आलं आणि आम्ही हात हलवत परतलो.

धक्क्यावरच्या त्यांच्या छोट्या ऑफिसात मी सगळं कबूल केलं. न करून सांगतो कोणाला, रेकॉर्डर त्यांच्याच हातात होता! बाईंनी हेडफोन चढवले.

"ऐकू नका हो," मी म्हणालो. "निदान पुढे तरी पळवा."

"पूर्ण ऐकायचा नियम आहे, काका."

आणि ती पोर समोर बसून खरंच सगळं ऐकत राहिली. दोन तास! एकदा खुदकन हसली, बहुधा जावई असावा. मग तिचं हसू मावळलं आणि तिनं डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघू लागलो. इतक्यात ती ताडकन उठली, रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं आणि हेडफोन काढून माझ्याच कानांना लावले.

माझा आवाज होता. "सकाळी नर्स म्हणाली, आता जवळ बसा..." आणि अगदी पाठीशी, "फूऽऽस्स!"

तो उसासा मी बोटीवरही ऐकला होता, पण मला वाटलं, हीच! माझी गोष्ट लांबली की ही अस्साच उसासा टाकायची. सवयीनं मी तिला दटावलंही होतं.

"थांब गं! मधे बोलू नकोस, मला सांगू दे."

"फूऽऽस्स!"

"थांब म्हटलं ना!"

मग नुसतं पाणी.

"देवमाशाचा श्वास आहे हा, काका! तुमच्या मागे, वीस फुटांवर!" ती नाचायचीच बाकी होती. "मिळाला पुरावा! वाचलं माझं काम!"

मी म्हटलं, छान झालं, आणि खरंच छान झालं. पण तेव्हापासून एक गोष्ट मला खाते आहे. तीन वर्षांत माझ्या बोलण्याला पहिल्यांदा कुणीतरी हुंकार दिला होता हो, आणि मी त्यालाच दोनदा गप्प बसवलं!