मोरीतला नीलम

आमच्या घरामागची मोरी तुंबली आणि ती आपणच साफ करावी असं मी ठरवलं. खरं तर कुठलंच काम मी स्वतः करायला जाऊ नये. (चहाच्या कारखान्यात कारकून आहे, तिथे हे तत्त्व मी सव्वीस वर्षं कसोशीनं पाळलंय.)

"अहो, माणूस बोलवा," सीलावती, म्हणजे आमची ही, म्हणाली.

"मग मी कोण आहे?" असं म्हणून मी कोपरापर्यंत हात घातला.

हाताला शेवाळ लागलं, माशांचे काटे लागले आणि मग एक खडा लागला. पुसला, तर निळा! आता रत्नपुरात, म्हणजे लंकेतल्या आमच्या या रत्नांच्या खाणींच्या गावात, निळं काही सापडलं की माणसाची मान आपोआप वर जाते. मीही खडा सकाळच्या आभाळासमोर धरला आणि आत बघितलं. काय सांगू तुम्हाला! आत पहाट होती. धुकं होतं, संथ नदी होती, नदीपलीकडे दुमजली घर होतं आणि त्याच्या व्हरांड्यात, आरामखुर्चीत, मी होतो. किती वेळ तिथे बसलो होतो कोण जाणे. "निघालं का पाणी?" अशी हाक आली तेव्हा परतलो, खडा लुंगीच्या घडीत खोचला आणि जाहीर केलं, "इथे खाण आहे."

"मोरीत?"

"होय. आणि आता बायकांनी इकडे फिरकायचं नाही."

आमच्याकडे हा रिवाजच आहे. खाणीवर बाईची सावली पडली की रत्नं रुसतात म्हणे. तेव्हा मी आमच्या मुलखाचा राखणदार समन देव, त्याच्यापुढे दिवा लावला आणि मोरीला लागूनच स्वयंपाकघर असल्यामुळे सीलावतीला तिच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

"मग जेवायला काय, रत्नं?"

"तू नकोच बोलूस. आजोबांचा नीलम हरवलास, विसरलीस?"

हे माझं हुकमी अस्त्र. लग्नात मी तिच्या बोटात आजोबांच्या खाणीतल्या नीलमाची अंगठी घातली होती आणि अकरा वर्षांपूर्वी तिनं त्यातला खडा हरवला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक भांडण मी या एका वाक्यावर जिंकत आलोय. याही वेळी जिंकलो.

तीन दिवस रजा टाकून खणलं. जाणते सांगतात, रत्नांची वाळू वीस हात खाली असते, वीतभर मोरीत नसते. पण जाणत्यांना ते दुमजली घर कुठे दिसलं होतं? टोपलीत गाळ घ्यायचा आणि पाण्यात गोल गोल फिरवायचा. फिरवता फिरवता डोळे मिटायचे, सगळं निळं निळं व्हायचं, दुपारची संध्याकाळ व्हायची. बेकरीतले मासे भरलेले बन खाऊन पोट बिघडलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी चूल खड्ड्यात उतरली आणि तिच्यामागोमाग अर्धी भिंत. एवढं करून निघाले ते तीन चमचे.

चौथ्या सकाळी मी रत्नांचे व्यापारी मरीक्कार शेठ यांना घरीच बोलावलं. नीलम सकाळच्या उजेडातच बघायचा असतो आणि आमच्या गावात मरीक्कार शेठ म्हणतील ती पूर्व दिशा. सीलावती शेजारणीच्या चुलीवरून चहा करून घेऊन आली. मी ऐटीत घडी सोडली आणि खडा तळहातावर ठेवला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "हा तर माझ्या अंगठीतला!"

मी मूठ मिटायला गेलो. कारण, तुम्हाला म्हणून सांगतो, आजोबांची खाणबिण काही नव्हती. आजोबा भात लावायचे. तो खडा मी देवळाच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानात घेतला होता. चक्क काच! माझे सासरे जन्मभर नीलमांना पैलू पाडत आले आणि त्यांच्या लेकीच्या बोटात मी काच घातली. (धाडस बघा!) पुढे नीलम नीलम म्हणता म्हणता मी स्वतःच विसरलो. आता शेठनी तो डोळ्याला लावला की संपलंच!

"नको शेठ! विकायचा नाहीये! घराण्याचा ठेवा आहे! चहा घ्या!"

"अहो, बघू द्या की त्यांना," सीलावती म्हणाली.

शेठनी खडा आभाळासमोर धरला. मग माझ्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. "वहिनी, आता कसं सांगू..."

"काच आहे ना?" सीलावती म्हणाली. "ठाऊक आहे मला. लग्नानंतर आठव्या दिवशीच बाबांनी सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"इतक्या हौसेनं आजोबांची गोष्ट सांगायचात, कशाला मोडायची? पुढे तुमच्या बहिणीनं लेकीच्या लग्नात मिरवायला अंगठी मागितली. तिचे व्याही सोनार! मांडवात तुमची शोभा झाली असती. म्हणून मीच सुईनं खडा काढला आणि मोरीत टाकला."

मला भडभडून आलं. माझी अब्रू तिनं मोरीत लपवली, वर अकरा वर्षं माझेच टोमणे खाल्ले. आणि ती अब्रू मी चूल पाडून उकरून काढली!

"सीलावती, चुकलो," मी शेठच्या देखत म्हणालो.

तिनं आतून रिकामी अंगठी आणली, लाखेनं खडा बसवला, बोटात घातली आणि हात आभाळाकडे धरून बघत राहिली. बराच वेळ. तिलाही आत काहीतरी दिसत असावं.

"काय दिसतं गं?" मी हळूच विचारलं.

"लांबून अगदी खानदानी वाटतो हो," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच. बुजवा आता तो खड्डा."